शालूबाई हा शब्द काढण्याबाबत

जबाब

दि. १६/०४/२०२५

नाव: सौ. छाया गोपाल उमाळे
वय: २७ वर्षे
शिक्षण: बी.ए.
धंदा: शेतीकाम, घरकाम व इंटरनेटवर जाहिराती चालवणे
राहणार: वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा

मला आज पोलीस स्टेशनला बोलावून विचारले, म्हणून समक्ष हजर राहून सांगते की, मी वर लिहिलेल्या पत्त्यावर पती गोपाल व सासू शालूबाई उकंडराव उमाळे यांच्यासह राहते. सासरे उकंडराव हयात नाहीत. आम्ही भाजीपाला पिकवतो. पती तो नांदुरा व खामगावच्या बाजारात नेतात. उन्हाळ्यात शालूबाई ज्वारीच्या बिबड्या करतात. घरी मी त्यांना आत्याबाई म्हणते. या जबाबात शालूबाई म्हणते, कारण तक्रार त्या नावाची आहे.

खामगाव येथील व्यापारी हिंमतराव सोनाजी वाकोडे यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. तो मला दाखवण्यात आला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, त्यांच्या मालाचे ‘शालूबाई’ हे नाव मी गूगलवरच्या माझ्या जाहिरातीत वापरते. दोन, मी गावातल्या बायांना शिकवून त्यांच्या जाहिरातीवर मुद्दाम बोटे दाबायला लावली व त्यांचे नुकसान केले. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे. दोन्हींबद्दल सांगते.

बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचे, मग भरडून मोठ्या गंजात तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची. त्या शिजलेल्या पिठाला आमच्याकडे घाटा म्हणतात. घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने पातळ थापावा लागतो. थंड झाला की पसरत नाही. शालूबाईंच्या उजव्या हाताच्या बोटांना चटका कळत नाही. चुलीवरून उतरवलेले झाकण त्या फडक्याशिवाय धरतात.

हे काम एकटीचे नाही. आमच्या गल्लीत ज्या घरी घाटा लागतो त्या घरी बाया बोलावल्याशिवाय येतात. कोणी कोणाला मजुरी देत नाही. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. आणखी एक रीत आहे. ओळखीच्या बाईच्या दारावरून जाताना हाक दिल्याशिवाय पुढे जायचे नाही. काम नसले तरी ‘हाय का व घरी?’ एवढे विचारायचे. आतून ‘हाव’ आले की पुढे जायचे. न विचारता गेले तर ते मनावर घेतले जाते. ही रीत जबाबात लिहून घ्यावी असे मी सांगितले, कारण दुसऱ्या आरोपाचे उत्तर तीच आहे.

हिंमतराव यांचा व आमचा संबंध माझ्या लग्नाआधीचा आहे. शालूबाई व शेजारच्या सोजराबाई यांच्याकडून ऐकले ते सांगते. हिंमतराव दरवर्षी बिबड्या विकत नेत. सुरुवातीला त्या सुट्या विकल्या जात. एका वर्षी त्यांनी पाकिटे छापायची ठरवली. ओसरीत बसून ते म्हणाले, “तुमचंच नाव टाकतो पाकिटावर, शालूबाई.” शालूबाई म्हणाल्या, “टाका.” यापलीकडे दोघांत बोलणे झाले नाही. कागद झाला नाही. पाकिटावर शालूबाईंचा फोटोही छापला. तो फोटो काढायला शालूबाई नवे लुगडे नेसून खामगावला गेल्या होत्या.

मागच्या हंगामापासून हिंमतराव यांनी आमच्याकडून माल घेणे बंद केले. खामगावला त्यांनी यंत्र बसवले आहे. यंत्रातून बिबडी गोल व एकसारखी निघते. माल बंद केल्याची माझी तक्रार नाही. व्यापारी स्वस्त पडेल तिथून घेतो. पाकिटावर नाव मात्र तेच राहिले. फोटो बदलला. आता आहे ती बाई कोण, ते आम्हाला माहीत नाही. तिच्या नाकात नथ आहे. शालूबाई नथ घालत नाहीत.

त्यानंतर माल आपणच विकावा असे मी घरात म्हटले. जाहिरातीचे काम मी मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शिकले. शिकवणारे हिंदीत शिकवतात व उदाहरणे दिल्लीच्या दुकानांची देतात. हे काम मी या हिवाळ्यात सुरू केले. मी यात नवीन आहे. जे मला माहीत नाही ते माहीत नाही असे सांगेन.

जबाब घेणाऱ्या जमादार साहेबांनी विचारल्यावरून काम कसे चालते ते सांगते. कोणी गूगलवर काही शोधले की उत्तरांच्या वर जाहिराती दिसतात. कोणते शब्द शोधल्यावर आपली जाहिरात दिसावी, ते शब्द आपण आधी निवडून द्यायचे असतात. नुसती दिसली तर पैसे लागत नाहीत. कोणी तिच्यावर बोट दाबले की लागतात. दिवसाचा खर्च आपण ठरवून देतो. तो संपला की जाहिरात त्या दिवसापुरती दिसेनाशी होते. एकाच शब्दावर दोघांची जाहिरात असेल तर कोण वर राहणार हे बोलीवर ठरते. बोलीशिवाय आणखीही काही पाहतात, ते मला पूर्ण कळलेले नाही.

जमादार साहेब म्हणाले, “म्हंजे हर्रासच झाला.” हो. बाजार समितीत कापसाचा लिलाव होतो तसाच. फक्त इथे माल म्हणून शब्द असतो.

सुरुवातीला मी ‘पापड’ हा शब्द दिला होता. मोठा शब्द घ्या, जास्त लोक येतात, असे व्हिडिओत सांगितले होते. लोक आले. राजकोटहून आले, इंदूरहून आले. ते पापडाचे मशीन शोधत होते. जाहिरातीत दिलेला फोन घरचा आहे व तो शालूबाईंजवळ असतो. एक माणूस त्यांना हिंदीतून विचारत होता की मशीन केवढी आहे, किती जागा लागेल. शालूबाई म्हणाल्या, “मशीन मीच हाओ, बाप्पा. पाच फूट बी नाही. कोपऱ्यात मावते.” त्याने फोन ठेवला नाही. मशीन कितीला, असे पुढे विचारले.

काही फोन बायांचे येत. त्या घरी बसून पापड भरण्याचे काम शोधत होत्या व आमच्या जाहिरातीवर आल्या होत्या. त्यांतली एक रोज दुपारी फोन करायची. तिला देण्यासारखे काम आमच्याकडे नव्हते. शालूबाई तिच्याशी बोलत. काय बोलत ते मी ऐकले नाही. पुढे मला कळले की कोणत्या शब्दांवर जाहिरात दिसू नये, हेही सांगून ठेवता येते. मी त्यात मशीन, कृती, काम हे शब्द टाकले. फोन थांबले. त्या बाईचाही थांबला. दोन दिवस दुपारी शालूबाईंनी मोबाईल चालू आहे का असे मला विचारले.

त्यानंतर मी ‘ज्वारीच्या बिबड्या’ असे नेमके शब्द घेतले. मागणी येऊ लागली. थोडी होती, पण ज्याला बिबडी म्हणजे काय ते माहीत आहे अशांची होती. त्या दिवसांत शालूबाईंनी फोनवर नाव सांगितल्यावर एका गिऱ्हाइकाने विचारले की तुम्ही खऱ्या शालूबाई का दुसऱ्या. म्हणून मी ते नाव गूगलवर शोधून पाहिले. सगळ्यात वर हिंमतराव यांची जाहिरात आली. शालूबाई शेजारी होत्या. काय लिहिले आहे ते वाच, असे त्या म्हणाल्या. मी वाचले. ‘अस्सल शालूबाई बिबड्या. नकली मालापासून सावध राहा.’

त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितले नाही. त्या उठून वाळवण पालटायला गेल्या. मी त्याच बैठकीत ‘शालूबाई’ हा शब्द आमच्या जाहिरातीत टाकला. मला कोणी टाकायला सांगितले नाही. पहिल्या आरोपाबद्दल एवढेच आहे.

आमची जाहिरात अशी आहे. ‘शालूबाईंच्या हातच्या बिबड्या, वडनेर भोलजी. फोन त्या स्वतः उचलतात.’ यात एकही शब्द खोटा नाही. फोन उचलला नाही तर त्या गच्चीवर असतात.

आता दुसऱ्या आरोपाबद्दल सांगते. शालूबाईंचे नाव मोबाईलमध्ये येते, ही गोष्ट गल्लीत राहणाऱ्या पुष्पांजली हिने पाहिली व इतरांना दाखवली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना तिने मोबाईलला तोंडाने सांगायला शिकवले. हे मला माहीत नव्हते. मला एवढेच दिसत होते की आमची जाहिरात सकाळी दुसरी असते व ऊन चढले की पहिली होते. हिंमतराव यांची तोपर्यंत दिसेनाशी झालेली असायची. मला वाटले मी काम शिकले.

पाडव्यानंतर सोजराबाईंकडे घाटा लागला होता. मी, शालूबाई, वंदना व गल्लीतल्या आणखी बाया तिथे होतो. सोजराबाईंचे वय सत्तरच्या पुढे आहे. त्यांच्या मुलाने त्यांना मोबाईल दिला आहे. हाताला घाटा लागलेला असताना त्यांनी तो मांडीवर घेतला, तोंड जवळ नेले व मोठ्याने म्हणाल्या, “शालूबाई वडनेरवाली!” पडद्यावर सगळ्यात वर हिंमतराव यांची जाहिरात आली. बोटे भरलेली असल्याने त्यांनी कोपराने दाबले. पहिल्यांदा लागले नाही. दुसऱ्यांदा लागले. मग मोबाईल बाजूला ठेवून त्या पुन्हा थापू लागल्या. झालेले बोलणे आठवते तसे सांगते.

मी विचारले, “काकू, हे काय करून राह्यल्या?”

“दिसत नाही काय? शालूबाईले हाक देऊन राह्यली.”

“त्या तं तुमच्याजोळच बसल्या.”

“इथं बसली थे वेगळं. तिथं बी नाव लावलं ना तिचं? मंग नावावरून पुढं जाचं अन् हाक नाही द्याची? लोक म्हणतीन, सोजराच्या हाती मोबाईल आला तं अकड आली.”

वंदना म्हणाली, “मी तं चहा मांडला का पयले हाक देतो. माह्या पोरीले बी सांगतलं. थे अकोल्याहून देते.”

शालूबाई म्हणाल्या, “अव बायाहो, पण थे दार माह्यं नाही. थे हिंमतरावचं हाय.”

“नाव कोणाचं हाय?” सोजराबाईंनी विचारले.

“माह्यं.”

“मंग दार बी तुह्यंच.”

मी त्यांना सांगितले की असे दाबल्याने पैसे कापले जातात. सगळ्यांचे हात थांबले. वंदनाने विचारले, “आपले?”

“नाही. ज्याची जाहिरात हाय त्याचे.”

“म्हंजे हिंमतरावचे?”

“हाव.”

सोजराबाई म्हणाल्या, “म्हंजे शालूबाईच्या नावाचे पैसे थो आता देऊन राह्यला. देऊ दे माय. कोणाले का देईना, सवय तं लागन.”

बाया हसल्या. मी खरे सांगायला आले आहे म्हणून सांगते, मीही हसले. शालूबाई हसल्या नाहीत. घाटा थंडा होते, असे त्या म्हणाल्या, व सगळ्या पुन्हा थापू लागल्या.

त्या दिवशी मी बायांना सांगितले की आमच्या जाहिरातीवर दाबू नका, ती गिऱ्हाइकासाठी आहे. हिंमतराव यांच्या जाहिरातीवर दाबा, असे मी म्हटले नाही. दाबू नका, असेही म्हटले नाही. म्हणायला पाहिजे होते असे मला आजही वाटत नाही. दुसऱ्याच्या नावाची पाटी हिंमतराव यांनी वेशीवर लावली. त्या गावच्या बाया पाटीशी थांबल्या. यात कट कोणता, ते मला कळले नाही.

पुन्हा पुन्हा दाबलेले किंवा खोटे वाटणारे दाब कंपनी हिशोबातून वगळते असे मी वाचले आहे. किती वगळते ते मला माहीत नाही. सोजराबाईंची हाक खरी धरायची का खोटी, ते कंपनीने ठरवावे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी हिंमतराव आमच्या घरी आले. पती बाजारात होते. हिंमतराव ओसरीत खुर्चीवर बसले. शालूबाईंनी चहा केला. हिंमतराव मला म्हणाले, “सूनबाई, तुम्ही शिकेल हा. हे शोभते काय?”

मी म्हटले, “काय, काकाजी?”

“सारं वडनेर माह्या जाहिरातीवर तुटून पडलं. माह्यी जाहिरात पाहाले नागपूरले माणूस हाय. थो म्हणते, पुण्याहून इतके दाब येत नाहीत, मुंबईहून येत नाहीत, हे वडनेर भोलजी हाय तरी केवढं? अन् वडनेरात माह्यं एक पाकीट विकत नाही.”

शालूबाई म्हणाल्या, “इथं कसं विकन? इथं साऱ्याइले खरी खाची सवय हाय.”

हिंमतराव यांनी त्याचे वाईट मानले नाही. ते म्हणाले की झाले ते झाले. सूनबाईने तिच्या जाहिरातीतून एक शब्द काढावा व बायांना समजवावे. ते या हंगामापासून पुन्हा आमच्या बिबड्या घेतील. थोड्या नाही, घरात असतील तेवढ्या. मी विचारले की त्या कोणत्या नावाने विकाल. ते म्हणाले, “नावाले काय झालं? नाव तं चालूच हाय.”

हिंमतराव शालूबाईंकडे वळून म्हणाले, “मीनं काय वाईट केलं, शालूबाई? वडनेरच्या बाईचं नाव नागपूरपावतर नेलं. आता शालूबाई म्हंजे तुम्ही एकट्या नाही राह्यल्या. शालूबाई म्हंजे माल हाय.”

त्यांचा चहा अर्धा झाला होता. शालूबाईंनी त्यांच्या समोरची कपबशी उचलली.

“मंग चहा बी मालालेच मागा,” असे त्या म्हणाल्या व कपबशी आत घेऊन गेल्या.

हिंमतराव उठले. दारातून मला म्हणाले, “पोलीस स्टेशन दाखवतो तुमाले.” मी म्हटले, “पाह्यलं हाय, काकाजी. एसटी तिथूनच जाते.” यापेक्षा जास्त मी बोलले नाही. अर्जात मी शिवीगाळ केली असे लिहिले आहे. मी शिवी दिली नाही. शालूबाईंनीही दिली नाही. चहा परत घेतला, तो आमचा होता.

पती आल्यावर त्यांना सांगितले. ते म्हणाले, “एक शब्दच तं हाय. काढून टाक. माल तं जाईन.” त्यांचे म्हणणे वेड्यासारखे नव्हते. आमच्या घरात बिबड्यांचे डबे एकावर एक छतापर्यंत लागले आहेत. बाजूच्या खोलीत झोपायला जागा नाही. पावसाळा लागला की बिबड्या सादळतात. आम्ही फोनवरून विकतो ते कुरियरने जाते, एका वेळी एखादा किलो, दोन किलो. हिंमतराव गाडी लावून एका दिवसात नेतात. हे आम्हाला तिघांनाही माहीत आहे.

शालूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. “कुठं हाय थे, दाखव,” असे म्हणाल्या. मी मोबाईलवर आम्ही निवडलेले शब्द उघडून दिले. त्यांना वाचता येते, सावकाश. आपले नाव सापडल्यावर त्यांनी त्यावर बोट ठेवले. मी विचारले, “काढू काय, आत्याबाई?” त्यांनी बोट उचलले नाही. पतींनी ते पाहिले. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना भाजीसोबत दोन डबे घेऊन गेले.

मला विचारण्यात आले की शालूबाई या नावाची नोंद हिंमतराव यांनी सरकारात केली असेल तर काय. मी सांगते की नोंदीसाठी अर्ज केला आहे एवढेच त्यांनी लिहिले आहे. नोंद झाल्याचा कागद जोडलेला नाही. नोंद झाली तर ते कोर्टात जातील, आम्हीही जाऊ. कायदा मला माहीत नाही. शालूबाईंचे नाव आधार कार्डावर आहे, मतदार यादीत आहे व सातबाऱ्यावर आहे. तिन्हींच्या झेरॉक्स मी दिल्या आहेत. हे नाव आपले म्हणवायला त्यांना कोणाकडे अर्ज करावा लागला नव्हता.

मला विचारण्यात आले की गावातल्या बायांना तुम्ही समज द्याल काय. देणार नाही. सोजराबाईंना समज देण्याइतकी मी मोठी नाही. कोणाला हाक द्यायची व कोणाला नाही, हे त्यांना या वयात मी सांगणार नाही. हिंमतराव यांना बायांचे येणे नको असेल तर त्यांनी आपल्या जाहिरातीतून आमचे गाव वगळावे. तशी सोय आहे. किंवा ते नाव सोडावे. मशीनला दुसरे कोणतेही नाव चालते.

मला विचारण्यात आले की मिटवायचे असेल तर आता फोनवरून तो शब्द काढता येईल काय. येईल. एका मिनिटाचे काम आहे. मोबाईल माझ्या हातात आहे. मी तो काढणार नाही. गुन्हा दाखल होईल असे मला समजावून सांगण्यात आले. मला समजले. माझ्या सासरी व माहेरी आजपर्यंत कोणी पोलीस स्टेशनची पायरी चढलेले नाही. माझे वडील निवृत्ती यांना काल कळले. त्यांनी फोनवर विचारले, “काऊन व छाया, लोकाइच्या भांडणात पडली?” मी त्यांना सांगितले की हे लोकांचे नाही. आमच्या घरची दुसरी सून असती तरी तिने हेच करावे असे मला वाटते.

शालूबाई माझ्यासोबत आल्या आहेत व बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांना आत बोलावून विचारावे असे मी म्हटले. अर्जात त्यांचे नाव आरोपी म्हणून नाही व साक्षीदार म्हणूनही नाही, त्यामुळे त्यांचा जबाब लागत नाही, असे मला सांगण्यात आले. मी अर्ज वाचला आहे. त्यात त्यांचे नाव जवळपास प्रत्येक ओळीत आहे. प्रत्येक ठिकाणी ते मालाचे नाव म्हणून आहे. त्या बाहेर बसल्या आहेत एवढे तरी लिहावे, असे मी सांगितले. ते लिहिले आहे.

हा जबाब जमादार साहेबांनी संगणकावर घेतला. वाचताना आवाज मोठा ठेवावा, बाकापर्यंत जावा, अशी मी विनंती केली. त्यांनी तसा वाचला. शेवटी एक वाक्य होते: ‘यापुढे मी सदर शब्द वापरणार नाही व गावातील महिलांना समज देईन.’ हे मी बोलले नव्हते. जमादार साहेब म्हणाले, अशा अर्जात हे वाक्य असतेच, सगळ्यांच्या जबाबात येते, त्याने प्रकरण इथेच थांबते. मी म्हटले, माझ्या जबाबात नको. त्यांनी विचारले, नक्की? मी हो म्हटले. त्यांनी ते वाक्य काढले व कागद पुन्हा छापून दिला. तो मी स्वतः पहिल्यापासून वाचला. मी बोलले ते यात आहे. मी बोलले नाही ते आता यात नाही. म्हणून सही करते.

जबाब देणार
(सही)
छाया गोपाल उमाळे

समक्ष
(सही)
पोलीस हवालदार